पेरिस्कोपवरच्या तीन पताका

"उतरव त्या, डीटलेफ," कप्तान रीकमान म्हणाले.

"नाही उतरवणार."

पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभा राहून डीटलेफ पेरिस्कोपच्या खांबाला दोरी आवळत होता. दोरीवर तीन पांढऱ्या पताका फडफडत होत्या. एकेक पताका म्हणजे बुडवलेलं एकेक इंग्रज जहाज. शेजारीच शरणागतीचं काळं निशाण लोंबत होतं. जर्मनी हरून आठवडाही झाला नव्हता. समोर स्कॉटलंडची खाडी होती आणि पाणबुडी ताब्यात घ्यायला तिकडून इंग्रजांची लाँच निघाली होती.

"तीन वर्षं तुमचा दुय्यम आहे मी. एकदा तरी शब्द मोडला?"

"नाही."

"मग आज मोडू द्या. पाणबुडी द्या म्हणाले, देतोय. मान खाली घाला असं कुणी सांगितलेलं नाही."

"शाब्बास!" खालून कुणीतरी ओरडलं. "दिसू दे साल्यांना!"

कप्तानांचा हा थंडपणा डीटलेफला कधीच सोसला नव्हता. टॉर्पेडो सुटल्यावर दूर स्फोटाचा आवाज आला की सगळी पाणबुडी नाचायची. पेरिस्कोपला डोळा लावलेला हा एकटा माणूस मात्र जहाजाचं नाव तेवढं सांगायचा आणि लगेच खोल जायचा हुकूम द्यायचा. दुसऱ्या कुणाला क्षणभर पाहूही द्यायचा नाही. विजयाची बीअर त्यांनी कधी ओठाला लावली नव्हती, आणि मिळालेलं पदक पेटीतून बाहेर काढलं नव्हतं.

'लेडी मार्जरी' जहाजाच्या वेळी तर इंग्रजांच्या युद्धनौकांनी दिवसभर वरून पाण्यात फुटणारे बॉम्ब टाकून त्यांना झोडपलं होतं. इंजिनावरचा बोडो त्यात गेला.

"बोडोनं या पताकेसाठी जीव दिलाय," डीटलेफ म्हणाला. "त्याच्या आईला काय सांगू? घाबरून काढून टाकली म्हणून?"

"तिला मी भेटणार आहे," कप्तान हळूच म्हणाले. "सांगायचं ते मीच सांगेन."

लाँच टेकली. पहिला वर चढला तो पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा अधिकारी. उभा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला. हॅम्बुर्गच्या बंदरात शिकलेलं जर्मन तो सफाईनं बोलत होता.

"या चिंध्या कसल्या?"

"चिंध्या म्हणायचं नाही!" डीटलेफ आडवा झाला. "लेडी मार्जरी. कॉर्बी हिल. सेंट ओलेव्ह. तिन्ही बोटी आम्ही तळाला धाडल्या. हवी तर गोळी घाला, पण यांना हात लावू देणार नाही."

मनोऱ्याखाली जमलेले खलाशी ताठ झाले. लाँचवरच्या दोन शिपायांनी बंदुका वर केल्या.

म्हाताऱ्यानं हातानंच त्यांना थांबवलं.

"नावं पुन्हा सांग."

डीटलेफनं सांगितली, आधीपेक्षा मोठ्यानं.

म्हातारा बराच वेळ कप्तानांकडे पाहत राहिला. कप्तानांनीही नजर हलवली नाही. मग म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि डीटलेफच्या बाजूनं पुढे जाऊन कप्तानांपुढे हात केला.

"लेडी मार्जरीवरूनच मी काल इथं आलो," तो म्हणाला. "बाकीच्या दोन्ही बोटी आमच्या मागेच होत्या."