कबुली

“किती घेता?” डॉक्टर इरावतींनी विचारलं.

वीरेंद्रने सांगितलं, थेंबसुद्धा नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर उघडा पडला होता. यकृतावर चरबी, सूज, कडक होण्याची सुरुवात. शेजारी बसलेल्या प्रियांकाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. ती नजर वीरेंद्रच्या ओळखीची होती. बारा वर्षांपूर्वी धारला, अशाच एका रिपोर्टसमोर, त्याने आपल्या वडिलांकडे तसंच पाहिलं होतं.

मानाजीराव तेव्हा नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. दारू कधीपासून, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मानाजीराव नाही म्हणाले. घरात कुणाला ते पटलं नाही. एके काळी दरबारी असलेलं घराणं, आणि आजोबांचं पिणं तर गावभर माहीत. वीरेंद्रच्या आईने, भवानीबाईंनी, कपाटं उपसली, कोठी उपसली. काही सापडलं नाही, तेव्हा नवरा बाहेर पितो असं त्यांनी धरून टाकलं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. तशाच अबोल्यात त्या गेल्या. तेरावं उरकून वीरेंद्र देवासला परतला, तो वर्षभर धारला फिरकला नाही. वडिलांचे फोन प्रियांका घ्यायची.

मग एक दिवस त्याने फोन उचलला. मानाजीराव एवढंच म्हणाले, “पीत होतो. आता सोडली.”

तेव्हापासून दर रविवारी वीरेंद्रची धारची फेरी सुरू झाली. आठवडाभर कारखान्यात मान मोडून काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बस धरायची, इंदूरला बदलायची. घरात शिरताच वडिलांच्या तोंडाचा वास घ्यायचा, खाटेखाली वाकून बघायचं, टाकीवरचं झाकण उचलायचं. मानाजीराव मुकाट्याने बाजूला उभे राहायचे. सगळं पाहून झालं की दोघं जेवायचे. दहा वर्षं हे असंच चाललं होतं. वीरेंद्र थकला होता, पण एक रविवार चुकवायची हिंमत होत नव्हती.

डॉक्टर इरावतींनी रिपोर्ट बाजूला सारला. दवाखान्यात येण्याआधी काही वर्षं त्या प्रयोगशाळेत यकृतावरच संशोधन करत होत्या.

“माझा विश्वास आहे तुमच्यावर,” त्या म्हणाल्या. “यकृताच्या पेशीत साखर नुसती जळत नाही, ती हुकूमही सोडते. साखर वाढली की पेशीतलं एक प्रथिन जागं होतं आणि चरबी तयार करणारी जनुकं चालू करतं. साखर येतच राहिली, की ती चालूच राहतात.”

मग त्यांनी सांगितलं की पोटावरच्या चरबीच्या पेशींतही हीच यंत्रणा असते, आणि तिथे ती नीट चालणं चांगलंच असतं. पण वीरेंद्रसारख्या शुगरच्या पेशंटमध्ये ती तिथे मंदावते आणि यकृतात मात्र जोरात चालते. दारूची गरजच पडत नाही. काही घराण्यांत हा कल जास्त असतो.

वीरेंद्रने रिपोर्ट पुन्हा स्वतःकडे ओढला. मग त्याने विचारलं, ज्याने जन्मात दारू घेतली नाही, त्याचं यकृतही पिणाऱ्यासारखं दिसू शकतं का? दिसू शकतं, त्या म्हणाल्या. नुसत्या सोनोग्राफीवरून दोघांतला फरक सांगता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना प्रियांकाने त्याचा हात धरला. चुकलं माझं, असं काहीसं पुटपुटली. तिच्या मनातली शंका अर्ध्या तासात फिटली होती. वीरेंद्रने तिला रिक्षात बसवलं आणि तो तसाच इंदूरच्या बसमध्ये चढला.

दुपारी तो धारला पोचला. मानाजीराव ओसरीवर सुजलेले पाय स्टुलावर टाकून बसले होते.

“आज बुधवारी कसा? तबियत ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं.

वीरेंद्रने या वेळी कुठेच वाकून पाहिलं नाही. तो त्यांच्या पायाशी खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं, स्वतःचा रिपोर्ट, साखर, जनुकं, डॉक्टर काय म्हणाल्या ते. मानाजीराव शांतपणे ऐकत राहिले, आपल्याबद्दल नव्हे, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसे.

“आबासाहेब, तुम्ही कधीच पीत नव्हता?”

“नाही.”

“मग हो का म्हणालात?”

मानाजीरावांनी एक पाय स्टुलावरून खाली घेतला, दुसराही घेतला.

“नाही म्हणत होतो, तेव्हा वर्षभर कुणी दार उघडून आलं नाही रे. हो म्हणालो, आणि तू दर रविवारी तलाशी घ्यायला का होईना, पण घरी यायला लागलास.”