मुलगी घरात नाही

"मुलगी घरात नाही," बापाने दार अर्धंच उघडून सांगितलं.

बेलिफबाईंनी कोर्टाचा हुकूम पुढे धरला. ही तिसरी खेप. सुट्टीचा महिनाभर आठ वर्षांच्या मुलीने आईकडे राहायचं, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं. आई देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरीला. दोनदा ती रजा टाकून आली, कोर्टातल्या बाकड्यावर दिवसभर बसली आणि हात हलवत परत गेली. लेकीला पाहून तिला अकरा महिने झाले होते. आज जमलं नाही तर सुट्टीही संपलीच म्हणायची.

"येऊ दे तिला आत," आतून अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे मुलीचे आजोबा, बापाचे वडील. त्याच कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ होते. एकही हुकूम त्यांनी बजावल्यावाचून परत आणला नव्हता. हसू नका, कोर्टात अजून सांगतात.

असा माणूस आपल्या बाजूला! अण्णांच्या मुलाची छाती दोन इंच फुगली होती. काल तो नुसतं म्हणाला, "अण्णा, पोरीला आत्याकडे ठेवायला हवं." अण्णा म्हणाले, "मी नेतो. तू मात्र आत्याला फोन करू नकोस. लोक फोनमुळेच सापडतात." आज सकाळी सहाला ते नातीला घेऊन गेले आणि साडेनऊला एकटेच परत आले. ना गाजावाजा, ना घाई. मुलाला वाटलं, बाप असावा तर असा.

बेलिफबाई पलंगाखाली वाकल्या.

"तिथे काय बघतेस, पोरी? आधी मोरीतले ब्रश मोज. मग दारातल्या चपला."

बाईंनी मोजलं. ब्रश दोनच होते. लहान चपला नव्हत्या.

"म्हणजे खरंच नाही घरात."

"आत्ता कुठे कामाला लागलीस."

मुलाला हसू आवरेना. बाईंचा चेहरा पडला. "अण्णा, मला काम शिकवताना सगळे तुमचंच नाव घेतात. आणि तुम्हीच असं करावं?"

"चहा घे."

"नको. 'मुलगी मिळाली नाही' असं लिहिते आणि निघते."

"अकरापर्यंत बस. मग काय लिहायचं ते लिही." अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं.

बाईला दमवतायत, मुलाने ओळखलं. त्याने स्वतः चहा टाकला, वर बिस्किटंही आणली. "अहो बाई, अण्णांपुढे भल्याभल्यांची डाळ शिजली नाही. तुम्ही तर काल नोकरीला लागलात. एकतीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"चेष्टा नाहीच," अण्णा म्हणाले.

बाईंनी चहाला हात लावला नाही. मुलीच्या आईला फोन करून काय सांगायचं, हेच त्यांना सुचत नव्हतं.

अकरा वाजले. अण्णा उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून बेलिफबाईंच्या हातात दिला. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. मान ताठ होती.

"हा जोड तुझ्या अहवालाला. मोठ्याने वाच."

बाईंनी वाचलं, "माझी मुलगी तिच्या आजोबांनी आज सकाळी आठ वाजता विमानतळावर माझ्या ताब्यात दिली. आमचं विमान पावणेअकराचं आहे."