तुटक्या पायाचा चार

सायकल उलटी करून, सीट आणि हँडलवर टेकवून, चौकीच्या फरशीवर उभी केली होती. हवालदार तिच्याशेजारी उभा राहून चहा पीत होता. बाकाच्या एका टोकाला पाववाली बसली होती, दुसऱ्या टोकाला जुन्या सायकलींचा दुकानदार. मध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा मोकळी होती.

"या, नंबरवाले काका," हवालदार म्हणाला. "ही बाई म्हणते सायकल माझी, चोरीला गेलेली. हे म्हणतात विकत घेतली, बिल आहे. बिलावरचा नंबर जुळतोय. बाई म्हणते नंबरच खोटा ठोकलाय. तुम्ही एकतीस वर्षं सायकलच्या कारखान्यात नंबरच ठोकलेत. तुम्ही सांगाल ते खरं."

काकांनी दुकानदाराकडे पाहिलं. तो त्यांचा जावई होता. हवालदाराला हे ठाऊक नव्हतं, पाववालीलाही नव्हतं, आणि जावयाला ते कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

"नमस्कार काका," तो म्हणाला. घरी तो त्यांना बाबा म्हणत असे.

"माझीच आहे हो," पाववाली काकांना म्हणाली. "घंटी एकदाच वाजते, लगेच पुन्हा दाबली तर मुकी. कॅरिअरला पट्टी मी जोडून घेतलीय, पावाचे ट्रे बसावेत म्हणून. चार दिवस पायी पाव टाकतेय. शेवटच्या घरी पोचेपर्यंत लोक कुलूप लावून गेलेले असतात. सोमवारपासून सायकल नसेल तर येऊच नकोस म्हणालाय बेकरीवाला."

"घंटी कुणीही बसवतं, पट्टी कुणीही जोडतं," हवालदार म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? नंबर आहे ना समोर. बघा काका."

काका गुडघे टेकून बसले. पायडल जिथे बसतात त्या नळीच्या बुडाला नंबर होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. लोखंड तिथे किंचित खोलगट लागलं, कानस फिरली की लागतं तसं. मग त्यांनी आकडे वाचले. नंबरात चार दोनदा आला होता, आणि दोन्ही चारांचा पाय खालून तुटका होता.

असा चार कारखान्यातून कधी बाहेर पडला नव्हता. चाराच्या ठशाचा टवका उडाला त्याच दिवशी काकांनी आकड्यांच्या ठशांचा तो अख्खा संच बाजूला काढून घरी आणला होता. जावयाने दुकान थाटलं तेव्हा पान्यांवर खुणा करायला म्हणून त्यांनीच तो कौतुकाने त्याच्या हातात ठेवला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या ग्रहाला घर मात्र काकांनीच बांधून दिलं होतं.

"लवकर झालं तर बरं, काका," जावई गोड आवाजात म्हणाला. "बायको एकटी आहे घरी. तिसरा महिना लागलाय." मग हवालदाराकडे वळून, "अजून माहेरी सांगितलं नाहीये तिने. नाजूक आहे म्हणालेत डॉक्टर. कसलाही धसका बसता कामा नये."

"अरे वा! पेढे कधी?" हवालदार म्हणाला.

काका वाकलेलेच राहिले. आपण आजोबा होणार, हे त्यांना उलट्या सायकलीपुढे गुडघे टेकून कळलं.

"कारखान्याचाच आहे नंबर," ते म्हणाले.

"नक्की?"

"माझ्याच हातचा."

"संपलं!" हवालदाराने कप खाली ठेवला. "बाई, आज सोडतोय. पुन्हा दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क सांगायचा नाही."

पाववाली भांडली नाही. भांडली असती तर काकांना सोसलं असतं. काकांना उठता येईना, तेव्हा तिनेच हात देऊन त्यांना उभं केलं.

"तुम्ही का खाली बघता काका? जन्मभर हेच केलंत, तुम्हाला नाही कळणार तर कुणाला? माझीच नजर फसली असेल." एवढं बोलून ती निघून गेली.

काकांनी कागदावर सही केली आणि बाहेर पडले. पुढच्या वळणावर जावई सायकल घेऊन थांबला होता.

"बसा बाबा, मागे. लेकीला भेटून जा. तुमच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटेल, जावई चोर नाही म्हणून."

नको म्हणायचं असं काकांनी पक्कं ठरवलं होतं. ते बसले. ट्रेसाठी जोडलेली पट्टी मांडीला रुतत होती.

थोड्या अंतरावर रस्त्याच्या मधोमध पाववाली चालली होती. तिला बाजूला करायला जावयाने घंटी दोनदा दाबली. ती एकदाच वाजली.

कुणी नावाने हाक मारावी तशी पाववाली झटकन वळली. वळताना तिचा चेहरा हसरा होता.