खाडी रॉकच्या बावीस जणी

"बावीस जणी?" सुनयनाने विचारलं. "दिवसभर हेच ऐकतात?"

"नऊ ते सहा. दुसरं स्टेशन लावूच देत नाहीत," ऋषी म्हणाला. गाडी पावणे गावच्या कारखान्यांच्या वसाहतीत वळली.

सुनयना 'खाडी रॉक' या रेडिओ स्टेशनच्या मालकांची माणूस. हिंदी गाणी वाजवणारी स्टेशनं पायलीला पन्नास. त्यात नुसतं रॉक ऐकतं कोण, हे बघून तिला आज कळवायचं होतं. नाहीतर सोमवारपासून इथेही हिंदीच. स्टेशनचा निवेदक म्हणून ऋषीची नऊ वर्षं पणाला लागली होती, पण मान ताठ होती. गाण्यांपेक्षाही त्याला अभिमान होता तो आपल्या बोलण्याचा. रोज एक वाजता तो दहा मिनिटं नुसता बोलायचा.

शेडमध्ये पत्र्याच्या लांब टेबलाभोवती बसून मुली नळांचे भाग जोडत होत्या. मोठा स्पीकर टेबलावर पालथा घातलेला. धुळीसाठी असेल. ड्रम वाजत होते आणि सगळे हात एका तालात चालले होते.

"नमस्कार, मंडळी!" ऋषीने खास रेडिओवरचा आवाज लावला. कुणी मान वर केली नाही.

"काय रमल्यात," सुनयना म्हणाली. ऋषीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मुकादम धनाजी साताऱ्याचा. स्टेशनला नेमाने फोन करणारा तोच. "एकला तुमी बोलाय लागला की पोरी काम ठेवून डबं उघडत्यात," तो म्हणाला. "घड्याळ बघाय लागत न्हाई."

"बघा," ऋषी सुनयनाला म्हणाला.

सुनयनाने आणलेले फॉर्म धनाजीने वाटले. स्टेशन का आवडतं? बहुतेकींनी लिहिलं, ड्रम. राजेश्वरी नावाच्या मुलीने पुढे लिहिलं होतं, 'हिंदी लावलं की टेबल थंड पडतं.'

"छान लिहिते," सुनयना हसली. तिने तिथूनच मालकांना फोन लावला. "रॉक बदलू नका. हे श्रोते कुठे जात नाहीत."

ऋषीला भरून आलं. मग त्याने फॉर्म चाळले. 'आवडता निवेदक' हा रकाना बावीसही फॉर्मांत कोरा होता. ते त्याला फार लागलं.

"नऊ वर्षं बोलतोय, धनाजीराव. एकीलाही माझं नाव लिहावंसं वाटलं नाही?"

धनाजीने त्याचा हात धरून स्पीकरशेजारी पत्र्यावर टेकवला. पत्रा ड्रमच्या तालात थरथरत होता.

"मला वाटलं, तुमाला ठाऊक आसंल, साहेब. जन्मापास्नं बहिऱ्या हायत सगळ्या."