गव्हाणीपाशी अडलेली क्रेन

क्रेन पुन्हा थांबली. नेमकी तिथेच, गव्हाणीच्या अलीकडे दहा पावलांवर. उसाची मोळी हवेत लटकून राहिली आणि आम्रपालीच्या हातातल्या रिमोटवर लाल दिवा उघडझाप करू लागला. ही पाचवी वेळ होती. ती जवळ गेली आणि मोळी जमिनीवर टेकवली. जवळून मात्र क्रेन निमूट ऐकत होती.

दोन वाजले होते. चारला चेअरमन येणार, ऊस गाळपाला ओढून नेणाऱ्या त्या गव्हाणीत पहिली मोळी पडणार आणि कडेगावजवळच्या त्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू होणार. ती मोळी रिमोटने पडली तर ठीक, नाही तर रिमोट खोक्यात घालून साताऱ्याला परत, असं ऊस उतरवायच्या जागेचे, म्हणजे केनयार्डचे सुपरवायझर उदयसिंह यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आम्रपालीच्या कंपनीने तिला पहिल्यांदाच एकटीला कामावर धाडलं होतं. हात हलवत परत गेली असती तर पुन्हा सोल्डरिंगच्या टेबलाशी, तेही कायमची. त्या टेबलाशी तिने आधीच चार वर्षं काढली होती.

बरं, काल संध्याकाळी हेच यंत्र शहाण्यासारखं चाललं होतं. रिमोटचे संदेश झेलणारी पेटी क्रेनवर बसवून तिने तिला रिमोटची ओळख करून दिली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन एकेक बटण तपासलं होतं. आज तेच यंत्र लांब गेलं की रुसत होतं. तिने बॅटरी बदलली, चॅनेल बदललं, वॉचमनचे वॉकीटॉकीसुद्धा बंद करायला लावले. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना.

उदयसिंहांना मात्र ते कधीच कळलं होतं. त्यांनी नुसतं डोळ्यांनी शिडीकडे खुणावलं. तिथे क्रेनचे ड्रायव्हर कोंडीबा उभे होते. त्या उंच केबिनमध्ये त्यांनी एकतीस हंगाम काढले होते. सकाळी चढले की दुपारची भाकरीही वरच खायचे आणि दिवस मावळल्यावरच खाली उतरायचे.

"केबिन म्हंजी त्यांचं राज्य हाय, म्याडम," उदयसिंह म्हणाले. "तुमी ते घ्याया आलाय. त्यो गडी गप बसंल व्हय?"

आम्रपालीला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं. कालपासून तिच्या मनात हेच सलत होतं. आपलं यंत्र चाललं की या माणसाची जागा गेली. आपलं पोट भरायला दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा, हा कसला पराक्रम? कोंडीबांच्या नजरेला नजर देणं तिला जमत नव्हतं. म्हणून तिने वर पाहिलं.

वर पेटीच्या अँटेनाला झेंडूचा हार होता. नवं यंत्र म्हटलं की नारळ आला, हळदकुंकू आलं, हार आला. त्याशिवाय आपल्याकडे कुणी कळ दाबत नाही. सकाळच्या पूजेपासून तो हार तिने दहादा पाहिला होता आणि दहादा तिला तो शोभून दिसला होता. आता वारा सुटला होता. यार्डभर पाचट उडत होतं. हार मात्र जागचा हलत नव्हता.

हार कशात ओवलाय, असं तिने विचारलं. कोंडीबांनीच उत्तर दिलं. हार त्यांच्या घरचा. दोरा वाऱ्याने तुटतो म्हणून बायकोने तो तारेत ओवला होता, आणि फिटरला वर धाडून त्यांनी अँटेनाभोवती त्याचे सात वेढे द्यायला लावले होते.

आम्रपालीने कपाळावर हात मारला. तारेच्या वेढ्यांमुळे अँटेनाला लांबचा संदेश पोचतच नव्हता; कानात बोळे घातलेल्या माणसाला ती सकाळपासून हाका मारत होती.

"काका, तेवढा हार काढून आणता?"

कोंडीबांनी शिडीचा दांडा धरला. एक पाय पायरीवर ठेवला आणि पुन्हा खाली घेतला. कसे काढतील, त्यांनीच तर बांधायला लावला, असं उदयसिंह सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. कोंडीबांनी मान खाली घातली. आम्रपालीला कोंडीबांचा मनस्वी राग आला. तिने मेन स्विच पाडायला लावला, कमरेला पट्टा बांधला आणि पक्कड घेऊन स्वतःच चढली. बेचाळीस पायऱ्या. वर जाऊन तिने तारेचा एकेक वेढा तोडून काढला.

खाली येऊन तिने बटण दाबलं. मोळी उचलली गेली, क्रेन निघाली, दहा पावलांच्या त्या जागेवरून पुढे गेली आणि गव्हाणीवर जाऊन थांबली. आम्रपाली पार गेटापर्यंत मागे चालत गेली, तिथूनही क्रेनने ऐकलं. तिचा जीव भांड्यात पडला. उदयसिंहांनी खोक्याचं नाव काढलं नाही.

चारला मोळीची पूजा झाली. यंत्र तिचं खरं, पण मोळी गव्हाणीत नेमकी कुठे सोडायची ते एकाच माणसाला ठाऊक होतं. राग गिळून तिने रिमोटचा पट्टा कोंडीबांच्या गळ्यात अडकवला. त्यांनी अंगठा ठेवला आणि मोळी बरोबर मधोमध उतरवली. भोंगा वाजला, टाळ्या पडल्या, चेअरमननी आम्रपालीला नावाने हाक मारून शाबासकी दिली. तिने वळून पाहिलं तर कोंडीबांचे डोळे भरले होते. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"माफ करा काका," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळं तुमची केबिन गेली."

कोंडीबांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला.

"गेली तर गेली, पोरी. दोन सालं झाली, माझं गुडघं ती शिडी चढू देत न्हाईत. कुणाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं मला. ह्यो रिमोट आणा म्हणून चेअरमनच्या घरी जाऊन अर्ज मीच दिलता."