ग्लेनहाराची बाटली

बूच अर्धंच निघालं, उरलेलं चुरा होऊन आत पडलं. मर्डोचे हात थरथरत होते, पण बाटली तो दुसऱ्या कुणाच्या हातात देईना. शेवटी इशबेलने चहाची गाळणी आणली आणि नवऱ्याचा हात धरून व्हिस्की ग्लासात गाळून घेतली.

ग्लास एकच होता. औषधांनी मर्डोच्या तोंडाची चव पार गेली होती. त्याला सूप आणि पाणी सारखंच लागायचं. म्हणून त्याने लॉकीला बोलावून घेतलं होतं.

दोघे तरुणपणी ग्लेनहाराच्या व्हिस्कीच्या भट्टीवर कामाला होते. ती बंद पडली तेव्हा लॉकी नदीपलीकडच्या भट्टीत गेला. मर्डो गेला नाही. त्याने लोकांच्या मेंढ्या कातरल्या, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकलं, आणि जगातली सगळ्यात चांगली व्हिस्की लंडनच्या शहाण्यांनी बंद पाडली, हे गावात भेटेल त्याला ऐकवलं. शेवटच्या दिवशी मॅनेजरने त्याच्या हातात ठेवलेली ही बाटली, भट्टी पुन्हा सुरू होईल तेव्हा उघडायची होती.

"अजूनही राहू दे," इशबेल म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"भट्टी काही आता सुरू होत नाही. आणि मीही नाही." मर्डोने ग्लास पुढे सरकवला. "घे रे लॉकी. जन्मभर त्या पलीकडच्यांचं धुण्याचं पाणी प्यायलास."

गंमत अशी, की ही व्हिस्की दोघांपैकी कुणीच कधी चाखली नव्हती. पाळी सुटली की शिंगाच्या पेल्यातून कामगारांना मिळायची ती नळीतून नुकती पडलेली, पांढरी, घसा जाळणारी कच्ची दारू. पिंपात मुरलेला माल दुसऱ्या कसल्या कसल्या व्हिस्कीत मिसळायला ट्रकने निघून जायचा. फुशारकी मात्र सगळे त्याचीच मारायचे.

लॉकीने वास घेतला. थेंबभर पाणी घातलं. मग एक घोट तोंडात फिरवला.

ओल्या पुठ्ठ्याची चव. मागून साबण. मग काहीच नाही. पलीकडे असला माल त्याने नाक मुरडून परत पाठवला असता. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. मर्डोची कीव आली आणि रागही आला. एवढ्यासाठी?

मर्डो त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मधासारखी आहे," लॉकी म्हणाला. "मागून जरासा धूर."

"पलीकडच्यांपेक्षा?"

"त्यांच्या सात पिढ्यांना जमायची नाही."

इशबेल बिस्किटांची बशी आणायला म्हणून उठली आणि खिडकीपाशीच थांबली. लॉकीने ग्लास टेबलावर ठेवला.

मर्डोने ग्लासाकडे पाहिलं. तो जवळजवळ भरलेला होता.

"भरला ग्लास तू खाली ठेवलेला मी आजवर पाहिला नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

लॉकीने ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि बाटलीपुढे धरला.

"बडबड पुरे. ओत."

मर्डोने दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि ग्लास काठोकाठ भरला. गाळणीची कुणाला आठवण झाली नाही. बुचाचा चुरा व्हिस्कीवर तरंगत होता. लॉकीने तोही गिळला.