उन्हाने न जाळलेले वर्तुळ

शालूबाईंचे मुखमंडल वीस वर्षे कपाशीत राबून उन्हाने दग्ध झाले होते. पतिनिधनानंतर कुंकू पुसले तेव्हा त्याखालचे रुपयाएवढे गोरे वर्तुळ उघडे पडले. पुतणीच्या लग्नाआधी दिराने त्यांना जळगाव जामोदच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी लेप कालवला, करपलेली त्वचा उजळणारा दिवा लावला, काळा चष्मा दिला. "वहिनी, चेहरा एकसारखा होईन. विधवेच्या कपायावर हे बरं दिसते काय?" दीर म्हणाला. शालूबाईंनी चष्मा मेजावर ठेवला. "बाकी तोंड उन्हाचं, भाऊजी. एवढंच त्यायच्या कुंकवाचं हाय. मिटू देत नाई मी." डॉक्टर समजुतीने हसले. "राहू द्या. उघडे कपाळ वर्षभरात उन्हाने आपोआप रापेल." दीर निश्चिंत झाला. दुसऱ्या दिवशी शालूबाई लग्नाच्या भर मांडवातून शेतावर निघाल्या, त्याच वर्तुळात कुंकू भरून. "हे काय, वहिनी?" दिराने दरडावले. "ऊन लागू नये म्हणून."